शिपाई, शिकारी आणि जगलबेटचे रान

(रायपूर येथील शंकर नगरात मराठी वाचकांपुढे झालेल्या व्याख्यानाचा पाठ)



१४ जून २०१० रोजी, पावसाळ्याच्या तोंडावर, कारवार जिल्ह्यातील जगलबेट नावाच्या आडगावी एका वृद्ध लष्करी अधिकाऱ्याचे निधन झाले. सत्त्याण्णव वर्षे पूर्ण व्हावयास एक महिना उणा होता. लेफ्टनंट कर्नल मनोहर माळगावकर हे त्यांचे नाव. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ते मराठा पलटणीत दाखल झाले. त्याआधी ते धंदेवाईक शिकारी होते. त्यानंतर खाणमालक, शेतकरी, लोकसभेचे पराभूत उमेदवार आणि इंग्रजी कादंबरीकार. यांतील शेवटची ओळख तेवढी जगाला ठाऊक झाली. तीही मराठी वाचकाला अर्धीमुर्धीच आहे, आणि त्याचे कारण उघड आहे. घर मराठी, पलटण मराठी, विषयही पुष्कळसे मराठी. परंतु लेखन इंग्रजी.

रायपूरच्या मराठी मंडळींनी या गृहस्थाचे स्मरण का करावे, असा प्रश्न कोणी केला तर त्याला एक तारीख हे उत्तर देता येईल. १ नोव्हेंबर १९५६. त्या दिवशी राज्यपुनर्रचना अमलात आली. विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि रायपूर मध्य प्रदेशात राहिले. बिंबाजी भोसल्यांच्या काळापासून, म्हणजे १७५८ पासून, या छत्तीसगडाच्या मातीत रुजलेली मराठी घराणी आपल्या नागपूरपासून एका रात्रीत वेगळ्या प्रांताची झाली. त्याच दिवशी, त्याच कायद्याने, कारवार जिल्हा मुंबईतून निघून म्हैसूर राज्यात गेला आणि जगलबेटही त्याच्याबरोबर गेले. माळगावकरांनी घर हलविले नाही, सरहद्द हलली. सरहद्दीच्या पलीकडे राहून मराठीपण जपण्याचा अनुभव शंकर नगराला नवा नाही, म्हणून एवढे सांगितले.

माळगावकरांचा जन्म १२ जुलै १९१३ चा. त्यांचे आजोबा थोरल्या पातीच्या देवास संस्थानात दिवाण होते, त्यामुळे संस्थानी जगाचे दर्शन त्यांना घरातूनच घडले. मुंबई विद्यापीठातून १९३५ मध्ये पदवी मिळाली, अभ्यासाचे विषय इंग्रजी आणि संस्कृत. असा पदवीधर त्या काळी वकिलीकडे वळे, फार तर मामलतदारीच्या परीक्षेस बसे. माळगावकर मात्र बंदूक घेऊन रानात गेले. दोन वर्षे त्यांनी शिकाऱ्याचा धंदा केला, पैसे घेऊन इतरांना मोठी शिकार घडवून देण्याचा.

आजच्या तरुण वाचकाला हा धंदा म्हणजे काय याची कल्पना येणार नाही, म्हणून जरा थांबून सांगावयास हवे. त्या काळी जंगलखाते रानाचे गट पाडून ते ठरावीक मुदतीसाठी परवान्यावर देत असे. कोणत्या गटात किती जनावरे मारता येतील हे परवान्यात लिहिलेले असे. बाहेरून आलेल्या पाहुण्याला रान ठाऊक नसे. त्याला हवा असे वाघ, आणि तोही आठ-पंधरा दिवसांत. मग धंदेवाईक शिकारी आधी जाऊन पाणवठे पाही, नाल्याच्या वाळूतले माग तपासी, नर की मादी, ताजा की शिळा, याचा अंदाज बांधी. सोयीच्या जागी रेडा बांधला जाई. वाघाने तो मारला की गारा झाला म्हणत. गाऱ्याजवळ झाडावर मचाण बांधीत आणि पाहुणा त्यावर निमूट बसे. नाही तर हाका घालीत. शंभर-दीडशे माणसे अर्धवर्तुळात उभी राहून पत्र्याचे डबे, ढोल बडवीत रान झोडपीत पुढे सरकत आणि वाघ नेमका मचाणाखालून जाईल अशी वाट मोकळी ठेवीत. या साऱ्यात गोळी झाडणे हा सर्वांत सोपा भाग असे. खरी विद्या रान वाचण्याची होती, आणि ती बहुतेक वेळा साहेबाजवळ नसून गावच्या अनवाणी माणसाजवळ होती. धोकाही अधिक करून त्याच्याच वाट्याचा होता: जखमी वाघ झुडपात शिरला तर हाक्यात कोण चालत असे, याचा विचार करावा.

या उद्योगाने काय केले याचे उदाहरण छत्तीसगडापुरते बोलायचे तर घरचेच आहे. कोरिया संस्थानाच्या महाराजांनी १९४७ मध्ये एका रात्री तीन चित्ते मारले. भारतातील रानटी चित्त्याची ती अखेरची नोंद मानली जाते. १९५२ मध्ये चित्ता देशातून नामशेष झाल्याचे जाहीर झाले. तो परत यावयास २०२२ साल उजाडले, आणि तेही आफ्रिकेतून आणून. शिकारीचे जग शौर्याचे, मर्दानी खेळाचे म्हणून रंगविणारी पुस्तके आपल्याकडे विपुल आहेत. त्या जगाची दुसरी बाजू या तीन चित्त्यांत आहे. माळगावकरांचे आयुष्य पाहताना दोन्ही बाजू डोळ्यांसमोर ठेवाव्या लागतात, एवढ्यासाठी हे विषयांतर.

शिकारीचा धंदा १९३७ मध्ये सुटला. सरकारी नोकरीची पाच वर्षे गेली, त्यांविषयी फारसे सांगण्यासारखे नाही. १९४२ मध्ये माळगावकर सैन्यात गेले.

मराठा लाइट इन्फंट्री ही १७६८ मध्ये उभी राहिलेली पलटण. तिचे केंद्र बेळगावला, म्हणजे जगलबेटच्या जणू शेजारी. महायुद्धात या पलटणीच्या तुकड्या अनेक आघाड्यांवर लढल्या. इटलीत १९४४ च्या जुलैत नाईक यशवंत घाडगे यांना मरणोत्तर आणि १९४५ च्या एप्रिलमध्ये शिपाई नामदेव जाधव यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. माळगावकरांच्या नावावर अशी गाजलेली लढाई नाही, आणि ती चिकटविण्याचे कारणही नाही. ते पायदळात होते, हेरप्रतिबंधक कामात होते, आणि पुढे सेनेच्या मुख्यालयात जनरल स्टाफवर. युद्ध म्हणजे केवळ संगिनींची चढाई अशी आपली समजूत असते. परंतु पंचवीस लाख माणसांचे सैन्य उभे राहते, त्याला शिधा, दारूगोळा, नकाशे आणि बातम्या पुरवाव्या लागतात, खोट्या बातम्या निवडून काढाव्या लागतात. तेथे बसलेल्या अधिकाऱ्याला सैन्याचा सांगाडा दिसतो. माळगावकरांना तो दिसला, आणि शिवाय तो सांगाडा दुभंगताना दिसला. १९४७ मध्ये देशाबरोबर सैन्याचीही वाटणी झाली. एका मेसमध्ये जेवणारे अधिकारी, एकाच बराकीतले जवान, बंदुका, लॉऱ्या, बँडची वाद्येसुद्धा, सारे दोन याद्यांत मांडले गेले.

‘डिस्टंट ड्रम’ ही त्यांची पहिली कादंबरी १९६० मध्ये निघाली, आणि ती या वाटणीची कथा आहे. तीमधील सातपुडा रेजिमेंट काल्पनिक आहे. पण किरण गरुड हे नायकाचे नाव ऐकताच मराठी वाचक ओळखीचे हसेल. किरण गरुड आणि अब्दुल जमाल हे जिवलग मित्र. फाळणीनंतर एक इकडे, एक तिकडे. काश्मीरच्या युद्धबंदी रेषेवर दोघे समोरासमोर येतात आणि भेटतात, मित्र म्हणून. वरिष्ठांना ते रुचत नाही. शत्रू कोण हे सरकार ठरविते आणि मित्र कोण हे माणूस ठरवितो, या पेचात कादंबरीचा जीव आहे. फाळणीवर आपल्या देशात पुष्कळ लिहिले गेले. परंतु सैनिकाच्या मेसच्या दारातून फाळणीकडे पाहणारे लेखन थोडे. साहित्य म्हणून हिच्यात कच्चेपणा आहे. रेजिमेंटच्या परंपरांवर लेखकाचे प्रेम इतके आहे की इंग्रजी अधिकाऱ्यांकडून घेतलेल्या रीतिरिवाजांची तो झडती घेत नाही. तरी एक दस्तऐवज म्हणून तिची किंमत कमी होत नाही.

रान आणि सैन्य यांचा संबंध केवळ माळगावकरांच्या आयुष्यापुरता नव्हता. ब्रह्मदेशच्या आघाडीवर १९४२ मध्ये जो पराभव झाला त्याचे एक कारण असे की सैन्याला जंगल ठाऊक नव्हते. तेव्हा १९४४ मध्ये अडुसष्ट वर्षांच्या जिम कॉर्बेट यांना लेफ्टनंट कर्नलचा हुद्दा देऊन मध्य प्रांतातील छिंदवाड्याला आणण्यात आले, आणि ब्रह्मदेशात जाणाऱ्या सैनिकांना माग काढणे, दिशा ओळखणे, रानात पाणी व अन्न शोधणे, पक्ष्यांच्या आवाजावरून हालचाल जाणणे हे त्यांनी शिकविले. त्याच वर्षी कुमाऊंच्या नरभक्षकांवरचे त्यांचे पुस्तक प्रसिद्ध झाले. छिंदवाडा आणि रायपूर तेव्हा एकाच प्रांतात होते. शिकाऱ्याची विद्या शिपायाच्या कामी आली ती अशी. माळगावकरांच्या बाबतीत हीच विद्या पुढे लेखकाच्या कामी आली, त्याकडे वळू.

१९५२ मध्ये त्यांनी सैन्य सोडले. वय एकोणचाळीस. निवृत्त अधिकारी पुण्यात बंगला बांधतो किंवा मुंबईत एखाद्या कंपनीत शिरतो, हा तेव्हाचा रिवाज. हे गृहस्थ जगलबेटला गेले. सह्याद्रीच्या माथ्यावरचा हा मुलूख. लोंडा जंक्शनाहून गोव्याकडे उतरणारी रेल्वे जवळून जाते. साग, ऐन, किंजळ, जांभूळ आणि बांबूची दाट बेटे. गवे, बिबटे, रानकुत्री. फळांच्या हंगामात धनेशांचे थवे. माणसांची वस्ती विरळ, कुणबी, गवळी-धनगर आणि सिद्दी यांची. पावसाळ्यात येथे महिनोन्महिने सूर्यदर्शन दुर्मिळ. अशा ठिकाणी माळगावकरांनी आधी मँगेनीजच्या खाणीचा व्यवसाय केला. रानावर प्रेम करणाऱ्या माणसाने डोंगर पोखरावा, ही विसंगती झाकण्याचे कारण नाही. १९५९ च्या सुमारास तो व्यवसाय संपला आणि शेती व लेखन सुरू झाले. लोकसभेची निवडणूक दोनदा लढविली आणि दोन्ही वेळा ते हरले. मतदारांनी मराठी आणि भारतीय साहित्यावर उपकारच केले, असे विनोदाने म्हणावयास हरकत नाही.

कारण त्यानंतरची पंधरा वर्षे हा लेखनाचा बहर. ‘कान्होजी आंग्रे’ हे सागरवीराचे चरित्र १९५९ चे. इंग्रज इतिहासकारांनी ज्याला चाचा म्हणून हिणविले त्या सरखेलाला मराठ्यांचा आरमारप्रमुख म्हणून इंग्रजीतच उभे करणे हे त्या वेळी अगत्याचे काम होते. ‘कॉम्बॅट ऑफ शॅडोज’ १९६२ मध्ये आली: आसामातील चहाचा मळा, गोरा व्यवस्थापक, त्याचा मत्सर, आणि एकांड्या मारक्या हत्तीची शिकार. येथे शिकार हा खेळ राहत नाही, माणसाच्या हाती ती खुनाचे साधन बनते. धंदेवाईक शिकारी राहिलेल्या लेखकाने आपल्याच जुन्या जगाकडे अशा नजरेने पाहावे, ही गोष्ट समीक्षकांनी पुरेशी ध्यानात घेतलेली नाही.

१९६३ ची ‘द प्रिन्सेस’ ही त्यांची सर्वोत्तम कृती, असे मत येथे नोंदवावेसे वाटते. बेगवाड हे काल्पनिक संस्थान. हिरोजी महाराज आणि त्यांचा पुत्र अभयराज. संस्थाने विलीन होतात, तलवारी-मुकुटांचे जग पत्त्यांच्या बंगल्यासारखे कोसळते, आणि पित्याला ते सोसत नाही. तो जखमी वाघाला सामोरा जाऊन मरण पत्करतो. संस्थानिकांविषयी लेखकाला सहानुभूती आहे, कधी ती अधिक होते आणि प्रजेची बाजू मागे पडते. तरीही आपल्या सत्तेचा अंत कळलेला पण वळू न शकणारा हा राजा वाचक विसरत नाही. कादंबरी प्रसिद्ध झाली तेव्हा संस्थानिकांचे तनखे चालू होते. ते बंद व्हावयास १९७१ साल यावे लागले.

‘अ बेंड इन द गँजेस’ १९६४ ची. ग्यान तलवार आणि देबीदयाल हे दोन तरुण, एक अहिंसेच्या मार्गाचा म्हणविणारा, दुसरा क्रांतिकारक. अंदमानचा तुरुंग, १९४२ मधला तेथील जपानी अंमल, आणि शेवटी फाळणीचा रक्तपात. ई. एम. फॉर्स्टर यांनी त्या वर्षीच्या आपल्या आवडत्या तीन कादंबऱ्यांत हिला स्थान दिले. १९७२ मध्ये ‘द डेव्हिल्स विंड’ आली. तीत बिठूरचे नानासाहेब स्वतःच आपली हकीगत सांगतात. कानपूरच्या हत्याकांडाचा डाग ज्यांच्या नावावर शंभर वर्षे लावला गेला त्यांच्या तोंडी ही कथा देण्याचे धाडस मराठी घराण्यातल्या लेखकाने इंग्रजीत केले, याला अर्थ आहे.

रानात शिकलेली विद्या लेखनाच्या कामी आली म्हटले ते विशेषेकरून गांधीहत्येवरील ग्रंथाबाबत. शिक्षा भोगून गोपाळ गोडसे, विष्णू करकरे आणि मदनलाल पाहवा १९६४ मध्ये सुटले. एका परदेशी नियतकालिकासाठी माळगावकरांनी या लोकांच्या व माफीचा साक्षीदार दिगंबर बडगे याच्या भेटी घेतल्या. पुढे त्याचा विस्तृत ग्रंथ झाला आणि तो १९७८ मध्ये लंडनहून निघाला. या ग्रंथाची पद्धत म्हणजे मागकाढ्याची. कोणती गाडी किती वाजता सुटली, कोण कोणत्या हॉटेलात कोणत्या नावाने उतरले, पिस्तूल कोठून मिळाले, २० जानेवारी १९४८ चा बॉम्ब फसल्यावर कोण कोणत्या दिशेने पळाला. वाळूतला एकेक ठसा पाहावा तसा लेखक पाहतो. या रीतीचा गुण असा की ऐकीव गोष्टींना तीत जागा उरत नाही. दोषही आहे. माग काढणारा जनावर कोठे गेले हे सांगतो, ते गेले याचे दुःख सांगत नाही. मारेकऱ्यांच्या इतक्या निकट राहिल्याने मारल्या गेलेल्या महापुरुषाची उंची त्या पानांत मावत नाही, असा आक्षेप घेतला गेला तर त्याचे पूर्ण निराकरण होत नाही.

आता पुन्हा रानाकडे. माळगावकर जगलबेटला राहिले त्या अर्धशतकाहून अधिक काळात त्यांच्याभोवतीचे अरण्य बदलत गेले. १९५६ मध्ये दांडेलीचे अभयारण्य जाहीर झाले. त्याच दशकात दांडेलीला कागदाचा कारखाना उभा राहिला आणि बांबूची बेटे त्याच्या पोटात जाऊ लागली. काळी नदीवर सुपे येथे शंभर मीटरहून उंच धरण झाले, ते १९८७ मध्ये पुरे झाले. तालुक्याचे जुने गाव सुपे पाण्याखाली गेले आणि कचेऱ्या जोयड्याला हलल्या. देशात वाघाच्या शिकारीवर १९७० मध्ये बंदी आली, वन्यजीव संरक्षणाचा कायदा १९७२ मध्ये झाला. त्या वर्षीच्या गणनेत सबंध भारतात वाघ भरले सुमारे अठराशे. १९३५ मध्ये पाहुण्यांना वाघ दाखविण्याचा धंदा करणाऱ्या माणसाला हा आकडा वाचताना काय वाटले असेल!

कायद्याने हात बांधले म्हणून माळगावकर बदलले नाहीत, हे त्यांच्या बाजूने सांगितले पाहिजे. शिकार सोडून ते वन्यजीवांच्या रक्षणाचे पुरस्कर्ते झाले, आणि या वाटेने जाणारे ते एकटे नव्हते. कॉर्बेट यांनी बंदुकीच्या जागी कॅमेरा घेतला होता. उत्तर प्रदेशच्या तराईत महायुद्धात सैन्यात राहिलेले बिली अर्जन सिंह शिकार सोडून दुधव्याच्या रानाचे राखणदार झाले. १ जानेवारी २०१० रोजी ते वारले, माळगावकरांच्या आधी साडेपाच महिने. शिपाई, शिकारी आणि मग राखणदार, अशी ही एक पिढीच होती. तिला संत ठरवू नये. मेलेला वाघ परत येत नाही, आणि पश्चात्तापाच्या पुस्तकाला मिळणारी वाहवा हाक्यातल्या जखमी माणसापर्यंत पोचत नाही. पण उलट बाजूही आहे. रानाचा नाश प्रथम कोणी ओळखला? नकाशावर रान पाहणाऱ्या अधिकाऱ्याने नव्हे. ज्याने पाणवठ्यावर रात्री काढल्या होत्या त्याला पाणवठा ओस पडलेला आधी कळला.

राहता राहिला भाषेचा प्रश्न. माळगावकरांचे लेखन मराठीत आणताना भाषांतरकाराला एक चमत्कारिक अनुभव येतो. साधारणतः भाषांतरात परक्या घरातले सामान आपल्या घरात मांडावे लागते. येथे पुष्कळसे सामान आपल्याच घरातून गेलेले असते. सातपुडा रेजिमेंटचा जवान इंग्रजी पानावर जे बोलतो ते लेखकाच्या कानात मराठी होते, हे वाक्याच्या ठेवणीवरून कळते. हाका, मचाण, गारा, माग या शब्दांसाठी कोशाकडे धावण्याची गरज नसते. नानासाहेब पेशवे इंग्रजीत आत्मकथा सांगतात ही कल्पना मराठीत उतरविताच आपोआप नाहीशी होते, आणि ते आपल्याच भाषेत बोलू लागतात. उलट मेसचे शिष्टाचार, क्लबचे संभाषण, चहामळ्यातील साहेबी तोरा येथे भाषांतरकाराची कसोटी लागते. तेथे शुद्ध मराठी प्रतिशब्दांचा हट्ट धरला तर माणसे नाटकातली वाटू लागतात. सैन्यात मराठी माणूस जे बोलतो, म्हणजे परेड, रिपोर्ट, ड्यूटी, ते तसेच ठेवणे श्रेयस्कर. त्या शब्दांना पलटणीत राहून दोनशे वर्षे झाली. ते आता पाहुणे नाहीत.

इंग्रजीत लिहिल्याबद्दल माळगावकरांना दोष देणारे आहेत. त्यांचे म्हणणे अगदीच टाकाऊ नाही. कान्होजी आणि नानासाहेब यांच्यावरचे ग्रंथ मराठी घरांत वाचले जावेत असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु ज्यांनी मराठ्यांच्या इतिहासाची नालस्ती इंग्रजीत केली त्यांना उत्तर त्याच भाषेत द्यावे लागते, हेही तितकेच खरे. उरलेले काम ग्रंथालयांचे आणि भाषांतरकारांचे आहे.

उतारवयातही त्यांचे लेखन थांबले नाही. इंग्रजी दैनिकांत त्यांचे स्तंभ येत राहिले. विषय कधी जुने सैन्य, कधी संस्थाने, कधी गोवा, कधी रान. गांधीहत्येवरील ग्रंथाची चित्रमय आवृत्ती २००८ मध्ये निघाली तेव्हा त्यांचे वय पंचाण्णव होते. दांडेली आणि अणशी मिळून २००७ मध्ये व्याघ्र प्रकल्प झाला होता. तो त्यांना पाहावयास मिळाला. त्या प्रकल्पाला काळी नदीचे नाव २०१५ मध्ये देण्यात आले. काळ्या बिबट्याचा माग त्या रानात आजही सापडतो.